चोवीस कोरी पानं

८ जानेवारी

मालकांनी आज सकाळी आल्या आल्या बोलावून घेतलं. नोंदी साठवण्यासाठी बोर्डावर जी वेगळी मेमरी चिप बसवायची होती, ती पुरवठादाराकडून चार महिने तरी येणार नाही. बोर्ड छापून तयार, डब्या तयार, गिऱ्हाईक दारात, आणि नेमकी आठवण ठेवणारी वस्तूच गायब. "काहीतरी करा," मालक म्हणाले. ते 'करा' म्हणतात तेव्हा त्यांच्या लेखी काम झालेलंच असतं.

यंत्र तसं साधं आहे. रक्ताच्या पिशव्या ठेवतात त्या फ्रिजला बाहेरून लावायची डबी. दर पाच मिनिटांनी आतलं तापमान बघायचं, टिपून ठेवायचं आणि आठवड्याने सगळं छापून द्यायचं. वीज गेली तरी टिपलेलं पुसलं जाता कामा नये, मेख काय ती इथेच.

दुपारी बसून प्रोग्रामचा आकार पाहिला. डबी चालवणारी जी मुख्य चिप आहे, तिच्या पोटात मेमरीची चौसष्ट पानं मावतात. माझा प्रोग्राम चाळीसच खातो. उरलेली चोवीस कोरी पडून आहेत, आणि वीज गेली तरी त्यांच्यावर लिहिलेलं टिकतं. वस्तू घरात होती आणि आम्ही बाजार पालथा घालत होतो. मालकांना सांगितल्यावर त्यांनी चक्क पाठीवर थाप मारली.

१३ जानेवारी

जमलं. उद्या विसरायला नको म्हणून इथे लिहून ठेवतो.

या पानांची खोड अशी की त्यांच्यावरचा एखादा शब्द खोडता येत नाही, पुसायचं तर अख्खं पान पुसावं लागतं. आणि एक पान जेमतेम दहा हजार वेळा पुसलं जाऊ शकतं. त्यापुढे चिप बनवणारे हात वर करतात. म्हणून मी नोंदी एकाखाली एक लिहितो. एका पानावर एकशे अठ्ठावीस. पान भरलं की पुढचं. तेवीस पानं संपली की पहिलं पुसून पुन्हा तिथून सुरुवात. एकेका पानावर पुसायची पाळी दहा दिवसांनी एकदा येते, म्हणजे पावणेतीनशे वर्षं चिंता नाही. फ्रिजही तोवर राहायचा नाही.

चोविसावं पान खुणेसाठी ठेवलंय. आपण कुठल्या पानावर कितव्या ओळीत आहोत, एवढंच त्याच्यावर. नोंद झाली की जुनी खूण पुसायची, नवी लिहायची. मधेच वीज गेली तरी परत आल्यावर डबीला बरोबर कळतं कुठून पुढे जायचं. सुटसुटीत काम आहे.

जेवताना हिला हे सगळं सांगितलं. ही शिवणकाम करते, लोकांचे कपडे ढिले-घट्ट करून देते. म्हणाली, "एकाच जागी चारदा उसवलं की कापड विरतं."

"म्हणून तर पानं फिरती ठेवली," मी म्हटलं. ती हसली, मला फार बरं वाटलं. बायकोला आपलं काम कळावं यासारखं सुख नाही.

२४ जानेवारी

दहा दिवस डबी टेबलावर चालवली. मुद्दाम शंभर वेळा प्लग काढला आणि लावला. एकही नोंद गेली नाही. मालक म्हणाले आता परीक्षा पुरे, गिऱ्हाईक थांबत नाही.

३ फेब्रुवारी

पहिली डबी आज बसवून आलो. आणि बसवली कुठे, तर आमच्या थंडोबाच्या रक्तपेढीत.

थंडोबा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. लहानपणापासून प्रत्येक काम इतकं सावकाश करतो की घरात ते नाव पडलं ते पडलंच. चार वर्षं आमच्या बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर होता. एक नोकरी धड टिकली नाही. शेवटी रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरीणबाई ओळखीच्या निघाल्या, त्यांच्याकडे मी शब्द टाकला, आणि नोव्हेंबरात त्याला तिथे दिवसपाळीला घेतलं. एप्रिलमध्ये कायम करणार आहेत. त्याने भाड्याने खोलीसुद्धा घेतली आहे. हिने पडदे शिवून दिले.

आज त्याला कामावर पाहिलं आणि ओळखलंच नाही. प्रत्येक पिशवी दोन्ही हातांनी उचलतो. जुन्या तारखेच्या पुढे, नव्या मागे. तीच सावकाशी तिथे कामाला आली आहे. बाई म्हणाल्या, "तुमच्या मेहुण्याच्या हातून आजवर एक पिशवी पडलेली नाही."

मी डबी बसवत होतो तर शेजारी उभा राहून विचारतो, "दाजी, हे आता माझ्यावर नजर ठेवणार का?"

"तुझ्यावर कशाला? फ्रिजवर."

"मग ठीक. मी थंड आहे तो आहेच."

२७ फेब्रुवारी

आणखी चाळीस डब्यांची मागणी. आज दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पहिल्या तीन बसवल्या. मालकांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. एकविसाव्या वर्षापासून हे काम करतोय, पहिल्यांदा कुणी टाळ्या वाजवल्या. मला कुठे बघावं कळेना.

२५ मार्च

डॉक्टरीणबाईंचा फोन. आठवड्याचा छापील कागद काढला तर तीन ठिकाणी नोंदी कोऱ्या. एका ठिकाणी पाऊण तास, एका ठिकाणी तास, एका ठिकाणी चाळीस मिनिटं. नियम असा की अर्ध्या तासाहून जास्त नोंद नसेल तर त्या फ्रिजमधलं रक्त वापरायचं नाही. दोनशे बारा पिशव्या टाकून दिल्या. पाच शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या.

"डबीचा प्लग कुणीतरी काढलाय," बाई म्हणाल्या. "तीनपैकी दोन वेळा तुमच्या मेहुण्याच्या पाळीतल्या आहेत. तिसरी पाळी बदलतानाची."

आधी यंत्र तपासतो असं सांगून फोन ठेवला.

२६ मार्च

डबी काढून आणली, तिथे दुसरी बसवली. आणलेल्या डबीतल्या नोंदी कागदावर उतरवून घेतल्या, मग नेहमीसारखं सगळं पुसून प्रोग्राम पुन्हा चढवला. आमच्या धंद्यात हात आधी तिकडेच जातो, कोऱ्या पाटीवरून सुरुवात केली की डोकं शांत राहतं. दोन तास चालवली. चोवीस नोंदी, एक चुकली नाही. तेवीसच्या तेवीस पानं पुसून-लिहून पाहिली, ठणठणीत आहेत.

यंत्रात दोष नाही. मालकांना तसं लेखी दिलं. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाले, "त्या डबीची ब्याद नको आता. मोडून टाका." संध्याकाळी मीच पान्याने उघडली, बोर्ड भंगारात टाकला.

दोष माझा नाही याचा आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू? दुसऱ्या क्षणी थंडोबा आठवला आणि तो आनंद गेला.

२८ मार्च

थंडोबा आला होता. बुटाची नाडी सोडायलाच त्याला पाच मिनिटं लागली. पाणीही न पिता म्हणाला, "दाजी, मी प्लग काढला नाही."

"कधीच नाही?"

त्याने खिशातला मोबाईल काढून हातात धरला. मग म्हणाला, "फेब्रुवारीत एकदा काढला होता. मोबाईल बंद पडत होता, तिथे चार्जर लावला. दहा मिनिटं. परत लावला. पण या तिन्ही वेळा नाही."

झालं. मला जे ऐकायचं नव्हतं ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. एकदा काढणारा माणूस पुन्हा काढतो. मी त्याच्यावर चिडलो, फार चिडलो. याच्यासाठी मी शब्द टाकला होता.

मी सकाळीच बाईंना भेटून आलो होतो. त्या म्हणाल्या होत्या, "त्याने लिहून दिलं तर वर बोलायला मला सोपं जाईल." म्हणजे समज देऊन सोडतील. नाकारत बसला तर चौकशी, पोलीस, सगळं आलं. मी त्याला हेच सांगितलं.

"पण केलं नाही ते लिहू कसं?"

"अरे, मशीनला तुझ्याशी काय वैर आहे? त्याला खोटं बोलता येत नाही. माणूस विसरतो."

त्याने हिच्याकडे पाहिलं. ही दाराशी उभी होती. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही सांगताय म्हणून लिहितो. तुम्हाला त्यातलं कळतं."

मसुदा मीच केला. छापील कागद समोर ठेवून तिन्ही वेळा मिनिटांसकट घातल्या. अर्धवट कबुलीने संशय वाढतो, पूर्ण असली की लोक माणसाला प्रामाणिक समजतात. त्याने आपल्या संथ अक्षरात उतरवून काढलं, एकही खाडाखोड न करता. तो गेल्यावर ही म्हणाली, "त्याने नाही म्हटलं होतं."

मी म्हटलं, "मी त्याला वाचवतोय."

२ एप्रिल

समज वगैरे काही नाही. काढून टाकलं. आणि कबुलीची प्रत सूचनाफलकावर लावली, इतरांना धडा म्हणून. बाईंना फोन केला तर म्हणाल्या, "मी सोडू असं कधी म्हटलं होतं?" आठवून पाहिलं. खरंच म्हटलं नव्हतं.

९ एप्रिल

मालकांनी या प्रकरणातून धंदा काढला. प्रत्येक डबीच्या प्लगवर आता कुलूपबंद पेटी बसवायची. किल्ली फक्त प्रमुखाकडे. गिऱ्हाइकं खूश आहेत. मी पेटीचं चित्र काढून दिलं.

थंडोबाने खोली सोडली. आमच्याकडे ये म्हटलं तर नको म्हणाला. हिच्याकडे कपडे टाकायला आलेल्या बाईने विचारलं, "तो रक्त वाया घालवणारा तुमचाच भाऊ का?" हिने तिचे कपडे तसेच परत दिले. माझ्याशी कामापुरतं बोलते.

१७ एप्रिल

दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून तक्रार. नोंदी कोऱ्या, पन्नास मिनिटं. प्लग पेटीत. पेटीला कुलूप. किल्ली प्रमुखाच्या गळ्यात, आणि प्रमुख त्या दिवशी गावातच नव्हते.

जाऊन डबी आणली. या वेळी काही पुसलं नाही. हात बांधून बसलो आणि एकेक पान नुसतं वाचत गेलो. तेवीस पानं ठीक. चोविसावं वाचलं. पुन्हा वाचलं, आकडा वेगळा आला. तिसऱ्यांदा आणखी वेगळा.

खुणेचं पान. दर पाच मिनिटांनी पुसलं जाणारं. दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा. दहा हजार व्हायला पस्तीस दिवस पुरतात. ते विरलं, डबीला आपण कुठे आहोत हे कळेनासं झालं, लिहिलेल्या ओळींवरच ती पुन्हा लिहीत सुटली. असा चिखल झाला की माझाच प्रोग्राम त्या ओळी चुकीच्या समजून कोऱ्या छापतो. ती खबरदारीही मीच घेतली होती.

तेवीस पानांसाठी मी पावणेतीनशे वर्षांचा हिशेब मांडला आणि चोविसाव्यासाठी साधा गुणाकार केला नाही. हिने कापडाचं सांगितलं तेव्हा मी हसून उत्तर दिलं होतं. त्या दिवशी डबी तपासताना खुणेचं पान पाहिलंसुद्धा नाही. त्याच्यात काय असणार, एक ओळ. आणि विरलेलं पानही ताजं पुसलं की दोन तास तग धरतं.

त्याने प्लग काढला नव्हता.

१८ एप्रिल

मालकांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"नाही."

"दुरुस्त होईल?"

होईल. खुणेचं पानच नको. वीज आली की पहिली कोरी ओळ सापडेपर्यंत पानं चाळायची. पाच ओळींचं काम. तेही तेव्हाच सुचायला हवं होतं.

"मग आधी चाळीसच्या चाळीस डब्यांवर करून या. वार्षिक देखभाल म्हणून सांगा. मेहुण्याचं नंतर बघू, त्याने लेखी कबूल केलंय, त्याची घाई काय?"

त्यांचं एक खरं आहे. रोज कुठे ना कुठे रक्त वाया जाऊ शकतं. आधी ते थांबवलं पाहिजे. मग बाईंकडे जाईन.

२४ एप्रिल

एकवीस डब्या झाल्या. हिला अजून सांगितलेलं नाही. सगळं निस्तरल्यावर एकदमच सांगावं. अर्धवट सांगून तिला त्रास कशाला?

२९ एप्रिल

चाळीस पूर्ण. आज हिला सांगितलं. ती मशीनवर बसली होती, पाय थांबला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सतराला."

"बारा दिवस," ती म्हणाली. "आणि तो पहिल्याच दिवशी सांगत होता."

मी चाळीस डब्यांचं कारण सांगायला लागलो. माझं मलाच ते ऐकवेना. रक्तासाठी नाही थांबलो मी. भीती वाटली म्हणून थांबलो.

३० एप्रिल

बाईंपुढे बसून सगळं सांगितलं. पान, दहा हजार, कुलूपबंद पेटी. त्यांनी मधे अडवलं नाही. झाल्यावर खण उघडून कबुलीचा कागद काढला आणि वाचून दाखवला. "'दुपारी दोन वाजून पाच मिनिटांपासून दोन पन्नासपर्यंत.' ज्याने केलं नाही तो मिनिटं लिहील?"

"ती मी घातली. मसुदा माझा होता."

"म्हणजे तेव्हा तो दोषी आहे हेही तुम्हीच सांगत होता, आणि आता तो निर्दोष आहे हेही तुम्हीच सांगताय. बरं, ती डबी कुठे आहे?"

"मोडली."

"त्यातलं ते चोविसावं पान?"

"पुसलं."

"कुणी?"

"मी."

त्यांनी कागद खणात ठेवला. मालकांनी पाठवलेलं, यंत्रात दोष नाही असं माझ्याच सहीचं पत्रही त्यांच्याकडे आहे. मी म्हटलं, दुसऱ्या ठिकाणची डबी दाखवतो. त्या म्हणाल्या, "ती दुसऱ्या ठिकाणची. इथे काय झालं ते ती कशी सांगणार?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "बहिणीचा नवरा म्हणून तुमची तळमळ मला कळते. अर्ज द्या, वर पाठवते. पण त्या जागेवर दुसरा माणूस घेतलाय."

अर्ज दिला. त्यांनी तो न वाचता शिक्का मारला.

१ मे

मालकांनी विचारलं, कुठे गेला होतात? खरं सांगितलं. उद्यापासून येऊ नका म्हणाले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही.

३ मे

थंडोबा एका फर्निचरच्या गोदामात माल चढवतो. आज त्याला गाठलं. कपाटाला दोर बांधत होता, सावकाश, प्रत्येक गाठ ओढून बघत.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुझी चूक नव्हती रे. सगळी माझी. तू खरं बोलत होतास."

त्याने दोर सोडला नाही. "असं नका म्हणू दाजी."

"अरे, खरंच सांगतोय."

"मी त्यानंतर खूप विचार केला," तो म्हणाला. "आधी मला आठवत नव्हतं. आता आठवतं. दुपारची वेळ होती. बॅटरी संपत आली होती. मी वाकून प्लग काढला."

"ते फेब्रुवारीतलं. दहा मिनिटांचं."

"ते वेगळं. हेही आठवतं. समोर घड्याळ होतं, दोन वाजून पाच मिनिटं झाली होती."

फ्रिज आहे त्या बोळात घड्याळ नाही. तिथे डबी मीच बसवली आहे. मी त्याला तसं सांगितलं. चोविसावं पान सांगितलं, दहा हजार सांगितलं, त्याच्या दंडाला धरून हलवलं. तो समजुतीने मान हलवत राहिला. मी लहानपणी आजारी माणसासमोर अशीच मान हलवत असे.

"दाजी, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलू नका," तो म्हणाला. "नोकरी जाईल तुमची. ताईचं काय होईल? आधीच तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत." आणि त्याने मला गोदामाच्या दारापर्यंत सोडलं.

घरी आलो तेव्हा ही दारातच उभी होती.

"सांगितलंत त्याला?"

"सांगितलं."

"मग?"

"त्याला पटत नाही."